पंचवीस नावाचा पाईप

व्हर्नियर लावला तर बाहेरून तेहेतीस पूर्णांक सात.
आतून कधी सत्तावीसला जरा कमी, कधी साडेअठ्ठावीस,
भिंत किती जाड त्यावर.
पंचवीस कुठंच नाही.
तरी पाठीवर पांढऱ्या अक्षरांत छापलंय:
डीएन पंचवीस.

कुपवाड एमआयडीसीत आमचं शेड.
भिंतीपलीकडं ड्रममध्ये हळकुंडं गडगडतात,
पॉलिश होताना पिवळी धूळ सोडतात,
ती माझ्या तपासणीच्या रजिस्टरवर बसते.
युरोपचा दाबाच्या उपकरणांचा नियम
मी तीन रात्री वाचला, पानं पिवळी करत.
त्यात म्हटलंय, डीएन म्हणजे एक सोयीचा, गोल आकडा.
खऱ्या मापाशी त्याचं नातं
नावापुरतं.

हे मला कळायला जड गेलं नाही.
कवलापुरात आमच्या एका वावराला
अजून 'पाच एकर' म्हणतात.
वाटण्या होऊन अकरा गुंठे उरलेत,
तरी आई भाकरी बांधून देताना विचारते,
पाच एकरात कोण कोण आहे?

ट्यूबचं तसं नाही.
ट्यूब जे म्हणते ते असते.
पंचवीस म्हणाली की बाहेरून पंचवीस,
केसभर इकडंतिकडं.
पण तिला डीएन नाही.
इतकी खरी, आणि तक्त्यात उभं राहायला नावच नाही.
मग तिचं आतलं माप धरायचं:
भिंत दोनची, दोन्हीकडून गेले चार,
राहिले एकवीस.

वायू पहिल्या गटातला. हायड्रोजन.
त्याच्यासाठी रेघ पंचवीसवर.
रेघेच्या वर गेलात की वर्ग लागतो,
कागदांची चळत, आणि शेवटी दोन अक्षरांचा शिक्का.
रेघेच्या खाली शिक्का मारायचा नाही.
हौसेनं मारला तरी चूक.
चांगल्या अभियांत्रिकी रीतीनं करा, म्हणतो नियम,
आणि गप्प होतो.

मगदूम साहेब खुर्ची ओढून बसले.
"म्हणजे ट्यूबच्या जोडांना एक्स-रे नको?
वाचले की ओ पैसे."
मी म्हटलं, नको असं लिहिलेलं नाही.
"हवं असं लिहिलंय?"
तसंही नाही.
ते कॅल्क्युलेटरकडं बघत राहिले.

दस्तगीर नदाफ मिरजेचा.
घरात सगळे तंबोऱ्याचे भोपळे टिचकी मारून निवडतात,
हा एकटाच स्टीलमध्ये आला.
हेल्मेट वर करून म्हणाला,
"ह्यो जोड कुठल्या बाजूचा, मॅडम?
शिक्क्याचा का बिनशिक्क्याचा?"
बिनशिक्क्याचा.
"बरं."
त्यानं ट्यूबच्या पोटात आरगॉन सोडला
आणि मोजत बसला,
सकाळी पन्नासच्या पाईपला मोजला होता तितकंच.
मी घड्याळ लावून बघत होते. त्याला ठाऊक नव्हतं,
किंवा असेल.

जोड गार झाल्यावर त्यानं बॅटरी आत धरली,
मला वाकायला लावलं.
आत चंदेरी, एकसारखा टाका
आणि कडेनं एक फिकी गव्हाळ रेघ.
"गव्हाळ चालतं," तो म्हणाला. "निळं नाही."
कुठं लिहिलंय?
तो नुसता हसला, आणि ट्यूबवर टिचकी मारली.

संध्याकाळी फॉर्म भरला.
शिक्का: आडवी रेघ.
वर्ग: आडवी रेघ.
रीत: इथं एक ओळ मोकळी होती.
पेन धरून बराच वेळ बसले,
भिंतीपलीकडं ड्रम थांबला, परत सुरू झाला.
मग लिहिलं: गव्हाळ चालतं, निळं नाही.

मगदूम साहेबांनी चष्मा पुसला. "असलं कोण लिहितंय?"
आणि सही केली,
सहीवर बसलेली हळद
फुंकून.